पुढं वाढवता येईल असा

उन्नती : सरळ सांग, रजतदादा. या कॉम्प्युटरमंधी ग्राफिक्स कार्ड बसते का नाही?

रजत : नाही बसत वं. डबाच पतला आहे. अन् पॉवर सप्लाय याच कंपनीचा, दुसरा लागत नाही. काही जुगाड होते का, पाहून राहिलो.

उन्नती : जुगाड काहून? आत्याचा पोरगा म्हणून तुझ्या दुकानात आली मी. एकच गोष्ट म्हटली होती. आज कोर्सपुरता साधा दे, पण पुढं वाढवता आला पाहिजे. तू म्हटलं, टेन्शन मत ले.

रजत : म्हटलं होतं.

उन्नती : आता मिहानच्या एका कंपनीनं काम देलं. इमारतींचे थ्रीडी चित्रं, घरूनच करायचे. सोमवारी त्यांले मशीन दाखवाची आहे. याच्यावर तं एक भिंत फिरवली का स्क्रीन अटकते. मोठावाला होता ना तुझ्याकडे? मग हाच काहून देला?

रजत : अब क्या बोलू... मामाजी, तुम्हीच सांगा ना.

उन्नती : बाबांले काय विचारतं? ते गाडीवर डबा धरून बसाले आले.

गणपतराव : रजत, तू चूप राय गा.

रजत : नाही मामाजी. नाव माझं खराब होऊन राहिलं. उन्नती, कसम से, मोठावालाच काढून ठेवला होता. आदल्या दिवशी मामाजीचा फोन आला. म्हणे, लहानवाला दे, अन् तिले सांगू नको.

उन्नती : पैशासाठी?

रजत : भाव सारखाच होता दोन्हीचा.

उन्नती : बाबा?

गणपतराव : तवा पाव्हणे येऊन राहिले होते वं तुले पाहाले. मले वाटलं, मोठा घेतला का तू त्याच्यातच गुंतशीन. लग्नाले नाही म्हणशीन. कोर्स होयपर्यंत पुरला म्हणजे झालं. पुढचं जावई पाहीन.

उन्नती : अन् तू आयकलं, दादा?

रजत : हे दुकान मामाजीनंच टाकून देलं मले. नाही कसा म्हणू?

उन्नती : मले तं सांगता आलं असतं. नाही घेऊन देत म्हटलं असतं तं भांडली असती, रडली असती. पण माहीत तं राहिलं असतं. तुम्ही दोघांनं मिळून फसवलं मले.

गणपतराव : फसवलं काय म्हणतं? बाप हावो मी तुया. वाईट थोडी चिंतीन? रजत, काढ तो मोठा. आत्ताच नेतो.

उन्नती : नको.

गणपतराव : काहून? काम जाईन ना हातचं.

उन्नती : सोमवारपुरता माझ्या मैत्रिणीचा, उत्तराचा कॉम्प्युटर मागतो. मग माझा मी घेईन.

गणपतराव : राग सोड बाई आता.

उन्नती : डबा घरी आणला त्या दिवशी तुम्ही हळदकुंकू वाह्यलं, नारळ फोडला. मी तुमच्या पाया पडली. तुम्ही डोक्यावर हात ठेवला होता, बाबा. तवा मनात काय म्हटलं?