दार न मोडल्याबाबत लेम्युअल प्रुइट याचा जबाब

ब्रुकलिन, न्यूयॉर्क, मार्च १९२४

मी, लेम्युअल प्रुइट, वय ३८, धंदा मासिकांत साहसकथा लिहिणे, राहणार गोदीजवळील भाड्याच्या इमारतीत, तिसरा मजला. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

माझ्या कथांचा नायक कॅप्टन हॅल्डेक वाळवंटात फिरतो व दर अंकात एका स्त्रीची सुटका करतो. मी स्वतः न्यू जर्सीपलीकडे गेलेलो नाही. उंट सर्कशीत पाहिला आहे. त्याने माझी टोपी खाल्ली.

शेजारी गोदी कामगार गुस ब्रान्वोल्ड व त्याची पत्नी सिग्ने राहतात. काल संध्याकाळी त्यांच्याकडून भांडी पडल्याचा व बाईंच्या ओरडण्याचा आवाज आला. मग ओरडणे एकदम थांबले. ते थांबले म्हणून मी उठलो.

दार ठोठावले. आतून गुस ओरडला, “कोण तडमडलंय?”

“दार उघड, नाहीतर मोडीन!” मी म्हणालो. हे वाक्य कॅप्टनचे आहे.

मी मागे सरून धावत जाऊन खांदा मारला. दार हलले नाही. खांदा निखळला.

माझी बोंब ऐकून गुसने दार उघडले व मी त्याच्या पायाशी पडलो. तो माझ्या कथा वाचतो. “अगं बघ, कॅप्टन आलाय तुला सोडवायला!” असे म्हणून तो पोट धरून हसू लागला. “काय रे लेखका, उंट खालीच बांधलास का?”

तेवढ्यात सिग्नेबाईंनी खुंटीवरचा कोट घेतला व माझ्या अंगावरून पाय टाकून त्या बाहेर पडल्या. त्यांचा ओठ फाटलेला होता. मला म्हणाल्या, “उठू नका.” मी उठलो नाही.

गुस त्यांच्या मागे धावला तेव्हा मी डाव्या हाताने त्याचा पाय धरला. गुसच्या तक्रारीत याला हल्ला म्हटले आहे. मी आधारासाठी धरला होता. तो पाय लाथा मारत होता, त्यामुळे आधार चांगला नव्हता, पण दुसरा नव्हता. खालचे दार लागल्याचा आवाज येईपर्यंत धरून होतो.

मी बाईंना पळवून नेले हे गुसचे म्हणणे खोटे आहे. त्या वेळी मला स्वतःलाही कुठे नेता येत नव्हते.

बाई आता कुठे आहेत, असे साहेबांनी पुन्हा विचारले. मला माहीत नाही, असे लिहावे. परत विचारले तरी हेच लिहावे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. उजवा हात गळ्यात बांधल्याने सही डाव्या हाताने केली. वेडीवाकडी असली तरी माझीच आहे.