न्हाणीतली आई

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, आज जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही! माझा स्वतःचा बसायला सात वर्षं लागली! आणि मी तर धोंडूअप्पा गुरवाच्या पडवीत पंधरा दिवस मुक्कामाला होतो, या डोळ्यांनी बघितलंय. शपथेवर सांगतो. कुणाची शपथ? या आमच्या पेटीवाल्या बापूंची! बापू, घाबरू नका, सूर धरा. माझ्या शपथेनं आजवर कुणी दगावलेलं नाही.

तर प्रश्न असा. मोठ्या माणसाशी खोटं बोललं तर पाप, हे कुणीही सांगेल. पण ज्याला अजून धड बोलताही येत नाही, अशा दीड वर्षाच्या लेकराशी खोटं बोललं तर? पाप लागतं का? मागं खांबाजवळ माना हलताहेत. नाही लागत म्हणता? बरं. मग ऐका.

धोंडूअप्पा म्हणजे शंकराच्या देवळाचा गुरव. बायको केव्हाच वारलेली. मुलगा एसटीवर कंडक्टर, आठवड्यातून एकदा घरी येणार, तोही झोपायला! सून अनसूया. आणि नातू दामू, दीड वर्षाचा. दीड वर्षाचा म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी आहे त्यांना विचारा. ज्यांच्या घरी आहे ते कीर्तनाला आलेलेच नाहीत!

दामू रडायला लागला की समोरच्या माडाचे नारळ गळायचे. खरं सांगतो! शेजारच्या म्हशीनं त्याचा सूर ऐकून दूध वर चढवलं ते श्रावण संपेस्तोवर सोडलं नाही. अंड्यावर बसलेली कोंबडी उठून पलीकडच्या वाडीत राहायला गेली. हसू नका, तिचे मालक इथे बसलेत!

आणि आईवाचून क्षणभर राहील तर शपथ. पीठ मळायला बसली, हा मांडीवर. केरसुणी घेतली, हा केरसुणीवर. बायांनो, तुम्हीच सांगा, पोर रांगायला लागल्यापासून सुखानं आंघोळ केलीत का कधी? दोन तांबे घेतले की दारावर थाप. ‘आई!’ आले रे. ‘आई!’ अरे आले! मग खाली दाराच्या फटीतून चार बोटं आत. ती चार बोटं बघून आई हसते आणि अंगावरचा साबण तसाच घेऊन बाहेर येते. येते की नाही? बघा, तो सगळा कोपरा लाजला.

अनसूयेचंही तेच. ती न्हाणीत आणि दामू बाहेर दाराला टेकलेला, आतल्या पाण्याचा आवाज ऐकत. पाणी पडतंय तोवर शांत. त्याला पक्कं ठाऊक, पाणी वाजतंय म्हणजे आई आहे. आता बाहेर येईल, ओल्या हातांनी उचलेल.

त्या घराची न्हाणी कशी, तेवढं लक्षात घ्या. परसात विहीर. घागरी आत वाहायला नकोत म्हणून अप्पांनी भिंतीतून दगडी पन्हळ बसवलेली. परसात उभं राहून पन्हळीत पाणी ओतलं की ते आत तांब्याच्या घंगाळात पडायचं. धो धो! कळलं? ओतणारा बाहेर, आवाज आत.

आणि मग अनसूया खोकायला लागली.

बापू, पेटी जरा खाली घ्या.

पौषात रुमालावर रक्त दिसलं. डॉक्टर म्हणाले, क्षय. घाटावरच्या दवाखान्यात ठेवावं लागेल, सहा महिने, कदाचित जास्त. पोराला जवळ घ्यायचं नाही. निघतानासुद्धा नाही! मंडळी, ती बाई जायच्या दिवशी पोर झोपलेलं असताना उंबऱ्याबाहेरूनच त्याच्याकडे बघत उभी राहिली. तोंडाला पदर. नवरा म्हणाला, ‘चल, गाडी सुटेल.’ ती म्हणाली, ‘त्याच्या अंगावरचं पांघरूण सरकलंय.’ नवऱ्यानं आत जाऊन सारखं केलं. ‘आता चल.’ गेली.

दामू उठला. ‘आई?’ माजघरात बघितलं, चुलीपाशी बघितलं, परसात बघितलं. ‘आई?’ आणि ओठ काढला.

आता अप्पांच्या जागी तुम्ही असतात तर काय सांगितलं असतंत? क्षय? घाट? दीड वर्षाच्या पोराला? अप्पांनी तेच केलं जे तुम्ही-मी करतो. ते म्हणाले, ‘आई न्हाणीत आहे.’

झालं! पोर धावत जाऊन दाराशी बसलं. कान लावला. आत सामसूम. पुन्हा ओठ निघाला. अप्पा उठले, परसात गेले, एक घागर ओढली आणि ओतली पन्हळीत. धो धो! आत येऊन बघतात तर दामू हसतोय. टाळ्या वाजवतोय! म्हणतो, ‘आई आंगोल!’

मंडळी, त्या हसण्यानं म्हातारा फसला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. न्हाणीच्या दाराची वरची कडी लागली ती लागलीच. कारण दार उघडलं की आत कुणी नाही! मग घरातल्यांनी आंघोळ कुठं करायची? परसातल्या दगडावर! माघाच्या थंडीत अप्पा उघड्यावर तांब्या ओतून घेताहेत, दात वाजताहेत, आणि तोंडानं शंकराचं नाव. शेजारी म्हणाले, गुरवानं कसलं कडक व्रत धरलंय! मीही दोन दिवस त्या व्रतात होतो. तिसऱ्या दिवशी आंघोळच सोडली.

हसा, हसा. पुढे हसायचं नाही.

अप्पांनी पोराचं काय नाही केलं? मऊ भात कालवून भरवला. लंगोट धुतले. काऊ-चिऊ झालं, घोडा झाला, गुडघे सोलले. सगळं घ्यायचा तो आजोबांकडून. पण बसायचा न्हाणीच्या दाराशी. त्याचं खेळणं तिथं, जेवण तिथं. निजायचा तोही त्या दाराला पाठ लावून. उचलून अंथरुणावर न्यावं तर जागा होऊन घर डोक्यावर घ्यायचा. शेवटी अप्पांनी घोंगडी तिथंच पसरली.

आणि एक नवीनच सुरू झालं. जेवताना दामू एक घास बाजूला काढायचा. दाराखालच्या फटीतून तो भात बोटानं आत ढकलायचा. ‘आई, मम्म.’ न्हाणीच्या मोरीतून घूस यायची, ती खाऊन जायची. पोर वाकून फटीतून बघायचं, भात नाही! आनंदानं आजोबांकडे धावायचं. ‘आई मम्म केलं!’

मी पडवीतून बघत होतो, मंडळी. मी म्हटलं, ‘अप्पा, हे थांबवा.’ अप्पा म्हणाले, ‘बुवा, थांबवून त्याला काय देऊ? तुमच्याकडे आहे का काही?’

माझ्याकडे काय असणार? चिपळ्या!

असे सात महिने गेले. दीडाचा दामू दोन वर्षं उलटून गेला. दात आले, शब्द आले. भाद्रपदात अनसूया बरी होऊन परत आली.

परत आली म्हणजे कशी? अंगावर मांस नाही. केस दवाखान्यात कापलेले, मानेपर्यंत. गाडीतून उतरली ती धावतच आली. पायऱ्यांवर पिशवी टाकली. ‘दामू! माझ्या राजा!’

दामूनं बघितलं आणि तो आजोबांच्या धोतरामागं गेला.

अप्पा म्हणाले, ‘अरे, आई आली तुझी! जा की!’

पोरानं मान हलवली. म्हणाला, ‘आई आंगोलीला.’

अनसूयेला काही कळेना. तिनं हात पुढं करून त्याला उचललं, आणि मंडळी, ते पोर असं किंचाळलं! हाताला चावलं, निसटलं, न्हाणीच्या दाराशी गेलं आणि दोन्ही मुठींनी दार बडवायला लागलं. ‘आई, ये! आई, बाई नेते! आई, ये!’

जन्म दिलेली आई मागं उभी आणि पोर आईला हाका मारतंय, या बाईपासून सोडव म्हणून!

अप्पांनी सगळं सांगितलं सुनेला. पन्हळ, पाणी, भात, सगळं. ‘पोरी, मी तुझी जागा राखत होतो गं,’ म्हणाले. ‘तू येईस्तोवर त्यानं तुला विसरू नये म्हणून.’ आणि कडीला हात घातला. ‘थांब, दार उघडतो. बघू दे त्याला, आत कुणी नाही ते.’

अनसूयेनं त्यांचा हात धरला. ‘मामंजी, उघडू नका. आत कुणी नाही असं बघितलं, तर त्याची आई आत्ता जाईल. माझ्यासमोर जाईल. आणि मी तर त्याला कुणीच नाही.’

आता बोला! दार उघडावं तर आई मरते. न उघडावं तर आई परकी. पोर दारापासून हलत नाही, म्हणजे गुपचूप आत शिरावं तर तीही सोय नाही. एका शब्दाची ही करणी, मंडळी! वाईट माणसानं, वाईट मनानं बोललेला शब्द नव्हे. मायेनं बोललेला.

पण देव कुठं जातोय? शंकर आपल्या गुरवाला टाकील होय? अनसूयेला युक्ती सुचली! ती गेली मागच्या अंगाला. न्हाणीची खिडकी होती, तिचे दोन गज काढले अप्पांनी. बाई झाली होती काडीसारखी, शिरली आत! अंगावर दोन तांबे ओतून घेतले. ओलीचिंब! आतून हाक मारली, ‘दामू, आले हं राजा!’ अप्पांनी बाहेरून कडी काढली, दार उघडलं, आणि पाणी निथळणारी आई समोर! पोरानं बघितलं, ‘आई!’ म्हणून झेप घेतली ती थेट गळ्यात! ओल्या हातांनी तिनं उचललं! वाजवा बापू, वाजवा!

बाया डोळे पुसताहेत. पुसा. पण घरी जाण्याआधी एक सांगा. आज इथे येताना तुमच्यातल्या कितीजणींनी पोराला सांगितलं, ‘आत्ता येते हं, पाच मिनिटांत’? काका, तुम्ही किती वेळा सांगितलंत, ‘जेवला नाहीस तर पोलीस नेतील’? ‘सुई टोचणार नाहीत हं,’ म्हणून किती पोरं दवाखान्यात नेलीत? आपल्याला वाटतं, त्याला काय कळतंय! अहो, त्याला तेवढंच कळतं जेवढं आपण सांगतो. त्याच्या जगाच्या भिंती आपल्या शब्दांच्या. त्या भिंतीत आपण—

“बुवा, न्हाणीला खिडकी नव्हती.”

कोण? कोण बोललं? बायकांच्या बाजूनं आलं. बसा हो, कुणी गडबड करू नका. बाई, आख्यानात थोडं इकडचं तिकडचं चालतं. खिडकी नसेल, झरोका असेल.

“झरोकाही नव्हता. पन्हळीचं भोक होतं. वीतभर.”

बाई, जरा उजेडात या. मान वर करा.

...अनसूयावहिनी. तुम्ही या गावात?

“मुलाच्या बदलीनं आलो. तुम्हाला ते घर ठाऊक आहे, बुवा. तुम्ही आमच्याकडे राहिला होता. मग भिंतीला नसलेली खिडकी कशाला पाडलीत?”

वहिनी, लोक पोरंबाळं घेऊन बसलेत समोर. त्यांना तसंच घरी कसं पाठवू? म्हणून... बरं. तुम्हीच सांगा. मी गप्प बसतो. बापू, पेटी मिटा.

“सांगण्यासारखं काय आहे? मामंजी थकले होते. मग पाणी मीच ओतायला लागले, परसात उभी राहून. ओतता ओतता त्या भोकाला तोंड लावून त्याला हाक मारायचे. दामू! तो दाराशी बसून ओ द्यायचा. माझा आवाज ओळखायचा तो, बुवा. मी गाणी म्हणायचे, गोष्टी सांगायचे. तो खदखदून हसायचा, मला ऐकू यायचं. मग मी पदर पिळून घरात यायचे, की तो गप्प. जेवू घातलं की जेवायचा. पण घास आतच ढकलायचा.”

किती दिवस, वहिनी?

“दिवाळी झाली, थंडी आली तरी चाललंच होतं. मग एक दिवस मी हाक मारली आणि त्यानं ओ दिली नाही. आत जाऊन बघितलं, तर अंगणात खेळत होता. मोठा झाला होता. न्हाणीचं दार त्यानं पुन्हा कधी वाजवलं नाही, आणि आई कुठं गेली म्हणून कधी विचारलंही नाही.”

आणि तुम्हाला आई म्हणतो ना आता?

“चांगला आहे तो. माझं सगळं करतो. आज इथे सोडायलाही तोच आला, पलीकडे चपलांपाशी उभा आहे. मला बाई म्हणतो. लोकांना वाटतं, जुन्या घरांतून आईला म्हणतात, तसंच.”