कंबर चव्वेचाळीस

दुकानाची वाढ कशानं झाली म्हणून मलाच विचारताय? मग आठ दिवस त्या स्टुलावर बसून काय केलंत? — नको, ते कागद तिथं नका ठेवू, ते कापायचं टेबल आहे, त्यावर कापड, कात्री आणि माझे हात, एवढंच असतं. मांडीवर घ्या. हं. तर आमचे चिरंजीव तुम्हाला म्हणाले असतील, बाबांशी जरा गोडीनं बोला, बाबा तापट आहेत. म्हणाले ना? मी तापट नाही. मला मूर्ख माणसं सहन होत नाहीत, एवढंच, आणि ती दिवसभर माझ्याच समोर येऊन उभी राहतात त्याला मी काय करू. चिरंजीवांनी जन्मात एक काज केलेलं नाही, शर्टाचं बटण तुटलं तर आईकडे धावतात, आणि ते मला सांगणार की धंदा वाढवायचा तर अभ्यास करावा लागतो. केला बरं का अभ्यास. पाटी बदलली. काचेला नवा रंग दिला. फोनवर जाहिरात टाकली — माझा फोटो, कात्री हातात घेऊन हसताना. चाळीस वर्षांत कात्री हातात असताना मी हसलेलो नाही, हसलो असतो तर अंगठा गेला असता. जाहिरात बघून किती आले माहितीये? दोघं. एकाला पिशवीची चेन बदलून हवी होती, दुसरा पत्ता विचारायला आला. आणि आता तुम्ही, बाहेरून आणलेल्या, आमच्याच दुकानात घोडं कुठं पेंड खातंय ते शोधायला.

गंमत वाटते तुम्हाला? मला नाही वाटत. कारण पुढच्या एक तारखेला ते ठरवणार आहेत. जागा त्यांच्या नावावर करून दिली ना मी, अक्कल गहाण टाकली होती त्या दिवशी. लोक इतकी वर्षं कशासाठी येत होते आणि आता का येईनात, ते तुमच्या कागदांतून कळलं तर तेच वाढवायचं, दुसरं दुकान काढायचं. नाही कळलं तर दोघा मशीनवाल्यांना निरोप, हे टेबल बाहेर आणि इथं तयार कपडे टांगायचे. टेबल बाहेर काढायचं म्हणे. कसं काढणार? पुढची भिंत बांधायच्या आधी वडिलांनी आत आणून ठेवलंय ते, या दारातून ते निघतच नाही. करवतीनं कापावं लागेल. मी म्हटलं, खुशाल कापा, आधी मला आडवं करा त्यावर. तर म्हणतात, बाबा, तुम्ही प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेता.

लिहून घ्या, एकदाच सांगतो. हे दुकान चालतं ते कापावर. कटिंगवर. शिलाई कोणालाही येते, मशीन शिवतं, माणूस नुसता पाय हलवतो. पण कापड कापायचं म्हणजे — हे बघा, माणूस सरळ नसतो. तुम्ही पण नाही. तुमचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे, खांद्याला ती पिशवी लावून लावून. रागावू नका, सगळ्यांचं काही ना काही असतं. कोणाचं पोट पुढं, कोणाची पाठ आत. मी कापतानाच ते सगळं पोटात घालतो, कोट अंगावर चढला की माणूस सरळ दिसतो. वर शिवणीत दाब, म्हणजे जादा कापड, इतका सोडतो की चार वर्षांनी जाड झाला तरी कोट उसवून मोठा करता येतो. या गावातच काय, आजूबाजूला कुठं दाखवा मला असा काप. नाही दाखवता येणार.

काय? — हो, चाळीस वर्षं. — हो, वडिलांच्या वेळेपासून हीच कात्री. — मग सहाच वर्षांपूर्वी अचानक गर्दी का वाढली? हा काय प्रश्न झाला? हळूहळू नाव होतं माणसाचं. चौतीस वर्षं होत होतं, मग झालं. — सहा वर्षांपूर्वी दुकानात काय बदललं? काही नाही. पंखा बदलला. — पंखा लिहू नका हो, चेष्टा करतोय मी. बरं, धाकटी आली. झालं समाधान? माझी धाकटी बहीण. ती कामाला होती तो कारखाना बंद पडला, घरी बसून वेड लागेल म्हणाली, मी म्हटलं ये, दारापाशी उभी राहा, मापं घे. कापायला मला निवांतपणा मिळेल, गिऱ्हाइकांची वटवट तू ऐक. मी मागं पडद्याच्या आत, ती पुढं. ती टेप लावणार, आकडा मोठ्यानं सांगणार, कागदावर लिहून आत सरकवणार, मी कापणार. मोठ्यानं सांगायची पद्धत वडिलांची. गिऱ्हाइकानंही ऐकलं पाहिजे, मागाहून भांडण नको. मी स्वतः मापं घ्यायचो तेव्हा माझा आवाज समोरच्या दुकानात जायचा.

तेव्हा गर्दी किती होती? होती बेताची. कोट शिवला की माणूस परत यायचा नाही पाच-पाच वर्षं. चांगला टिकायचा म्हणून. दुसरं काय कारण असणार?

आता तुम्ही विचारणारच आहात, ती कुठं गेली. चिरंजीवांनी कान भरले असतीलच. मीच घालवली. घालवली म्हणजे काय, हाकललं नाही, चूक दाखवली तर फणकाऱ्यानं निघून गेली. चार महिने झाले. चूक काय, ऐका. मी खडू घ्यायला बाहेर आलो. दुकानात चार-पाच माणसं. शाळेच्या मुख्याध्यापिका आलेल्या, त्या सहा वर्षांत माझ्याकडे नऊ कोट शिवून घेतलेत त्यांनी. धाकटीनं कमरेला टेप लावलेली, टेप मला स्वच्छ दिसतीये, चव्वेचाळीस. आणि ही बया हसत हसत मोठ्यानं सांगते, एकेचाळीस, मॅडम, गेल्या वेळेपेक्षा कमीच भरली की. आता मला सांगा, माझ्या दुकानात, माझ्या देखत, तीन इंचांची चूक. तीन इंच म्हणजे कापड गेलं. मी म्हटलं, तुला आकडे वाचता येत नाहीत का? चव्वेचाळीस आहे ती, चव्वेचाळीस. कंबर चव्वेचाळीस. दोनदा म्हटलं असेन. तीनदा. खरं ते खरं. मुख्याध्यापिकाबाईंनी पर्स उचलली आणि गेल्या. कोट राहिलाच. धाकटीनं टेप गुंडाळली, काउंटरवर ठेवली, चपला घातल्या.  माझ्याशी ती लहानपणापासून भांडत आलीये, वस्तू फेकून मारायची, आणि त्या दिवशी टेपसुद्धा फेकली नाही.

मग मी तो मापाचा कागद उचलला, दुरुस्त करायला. — काय होतं म्हणजे? चव्वेचाळीस होतं. हो. तिच्या अक्षरात. आधीच लिहिलेलं. — मलाही नाही कळलं लगेच. उभाच राहिलो मी. मग तो ड्रॉवर आहे ना, त्यात सहा वर्षांचे मापाचे कागद आहेत, मी काहीच फेकत नाही, ते सगळे काढले. एकही चुकीचा नाही हो. चुकीचा कसा असेल, मी त्यावरूनच कापत होतो, आणि एक कपडा परत आला नाही कधी. लिहायची बरोबर, बोलायची खोटं. सहा वर्षं. माझ्यापासून दोन हातांवर, मध्ये फक्त पडदा, आणि मला कापताना काही ऐकू येत नाही. जाडी माणसं दारातून आत यायची तोंड पाडून आणि जायची खूश होऊन, महिन्याभरात पुन्हा हजर, एक पँट शिवायची होती म्हणून. टेप लावून घ्यायला यायची मेली. मी आपला आत बसून समजतोय, काय माझा काप.

हे लिहिलंत? खोडा. खोडा म्हणतो ना. — हे काय वाढीचं कारण झालं? ही फसवणूक झाली. उद्या डॉक्टर म्हणेल, ताप नाही तुम्हाला, आणि गोळी मात्र तापाची देईल, चालेल का? — चालेल? तुम्हाला चालेल? धन्य आहात. तुमच्या पिढीला सगळंच चालतं.

आणि गर्दी कमी झाली ती त्यामुळं नाही, हे पण लिहा. रस्ता खणलाय कोपऱ्यावर. पलीकडच्या गल्लीत नवीन दुकान निघालंय. — बुजवला का रस्ता? कधी? — दोन महिने झाले? मी तिकडून जात नाही. बरं, मापं आता मीच घेतो, ते तुम्ही बघितलंतच. परवा तो बँकेतला माणूस आला, मी टेप लावली. तुमच्या देखत. मनात म्हटलं, बघू या. ओठावर आणला आकडा, दोननं कमी. नाही बोलता आला. तोंडातून खराच बाहेर पडला, तोही मोठ्यानं. मला येत नाही ते. येत नाही म्हणजे नाही, वडिलांनी मुस्काट फोडलं असतं खोटं माप सांगितलं तर. कापड तूर्त परत नेतो, दोन दिवसांत येतो म्हणाला तो. तुम्हाला दिसला का आलेला?

तिला बोलावून घ्या? वा. याच्यासाठी तुम्हाला आणलं चिरंजीवांनी? हे तर माझी बायको रोज जेवताना सांगते, फुकट. मोठा भाऊ आहे मी, मी जायचं तिच्या पायऱ्या चढून? आणि म्हणू काय? चव्वेचाळीसला एकेचाळीस म्हण हवं तर, माझी हरकत नाही? — गेलो होतो. झालं? दोनदा गेलो. खालूनच परत आलो. खिडकीत तिचे कपडे वाळत होते. ब्लाउजची शिवण वाकडी होती, दुसऱ्या कोणाकडून तरी शिवून घेतलाय तिनं. माझी सख्खी बहीण, आणि कुठल्या तरी खाटकानं कापलेलं घालून फिरतीये. ते बघून माझं डोकंच फिरलं, आलो तसा परत.

सोडा ते. तुम्ही जुन्या गिऱ्हाइकांना विचारत फिरलात ना? तीस जणांना? मग वाचून दाखवा की, इतका वेळ मलाच बोलतं केलंय. गोड नको, जे सांगितलं ते वाचा. — हं. — ताई चौकशी करायच्या. बरं. — ताईंपुढं लाज वाटायची नाही. पुढं. — तिथून निघताना बरं वाटायचं. पुढं, पुढं. — पुरे. कापाबद्दल किती जण बोलले तेवढं सांगा. आकडा सांगा. खरा सांगा हं, माझ्याशी तसलं काही करू नका. कपडा अंगावर बसतो कसा, खांदा पडतो कसा, कोणीतरी म्हटलंच असेल. — तो नऊ कोटवाल्या बाईंचा कागद बघा. — त्यात पण नाही?

एकही नाही. तीस जणांत एकही नाही. चाळीस वर्षं मी — ठीक आहे. मग अडलंय कुठं, एक तारखेची वाट कशाला बघायची, आणायला सांगा करवत. हसू येतंय मला. खरंच येतंय. लोकांना वाटलं असेल, कोट आपोआप बसतो अंगावर, आपलंच शरीर देखणं. तसंच वाटायला हवं म्हणा, काप चांगला असला की तो दिसतच नाही. पण एकानं तरी.

एक आहे? मग मघापासून तोंड का शिवलं होतं? तीस संपले ना, मग हा एकतिसावा कागद कोणाचा? — पूर्वी इथं काम केलेल्यांनाही विचारलंत? कोणी सांगितलं होतं — द्या इकडे. वाचता येतं मला, द्या.

"दादासारखा कापणारा मी दुसरा पाहिला नाही. तो आत उभा होता म्हणून मी बाहेर तोंडाला येईल तो आकडा सांगायची. कपडा अंगावर बरोबरच बसणार, याची मला खात्री असायची. दुसऱ्या कोणाच्या दुकानात माझी ती हिंमत झाली नसती. हे त्याला कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तो आणखी शेफारला असता."

शेफारला असता, म्हणे.

कधी भेटलात तिला? — परवा. बरी आहे ना ती?

बरं. काय बघताय? हा कागद इथंच राहू दे, टेबलावर. राहू दे म्हणतो ना. बाकीचे तीस न्या, चिरंजीवांना वाचून दाखवा, त्यांना फार आवड आहे. आणि स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवा. झालं तुमचं काम. निघा आता, बाई. दाराशी उभ्या राहू नका, उजेड अडतोय.