हुप्प्याशी सोयरीक

...आन् वर आप्पासाहेब मलाच इचारत्यात, "मानसिंगराव, वानराच्या संसारात तुमी कशापायी लक्ष घातलं?" मी! मी लक्ष घातलं! अवो, मी सणसरचा साधा पेरूवाला, कॅनॉलच्या फाट्याच्या पान्यावर माझी एवढीशी बाग, सकाळी पाट्या भरायच्या, बारामतीच्या बाजाराला धाडायच्या, घरी येऊन भाकरी खायची आन् आडवं व्हायचं, एवढंच माझं मागनं! वानरात कोन कुनाला नांदवतो, कोन कुनाची पोरं संबाळतो... आता ह्यात माझा काय संबंध? तुमीच सांगा!

न्हाय, पैल्यापासनं सांगतो, न्हायतर तुमाला वाटंल मानसिंगाचं डोस्कं फिरलं. फिरलंय जरासं, पन ते मागनं फिरलं.

आमच्या शिवारात वानरांची एक टोळी. काळ्या तोंडाची, लांब शेपटाची, तीच. टोळीत बाया-लेकरं मोप, पन मोठा गडी एकच. त्यो हुप्प्या. बाकीचे तरने गडी टोळीच्या भाईर, माळावर, एकमेकांची तोंडं बघत बसल्याले... हुप्प्या कवा थकतो आन् आपुन कवा आत शिरतो, ह्या एका आशेवर जगनारे! आन् बायांमधी बी पायऱ्या असत्यात बरं का! मोठीनं आधी खायचं, मग तिच्या मर्जीतलीनं, मग तिच्या खालचीनं... आन् सगळ्यात खाली एक बांडी व्हती. शेपूट अर्धं तुटल्यालं, म्हनून बांडी. पेरूला हात लावायला गेली की कुनीतरी एक ठिवून द्यायचं, की ही गुमान खाली उतरायची, पाखरानं टोचल्यालं, मातीत पडल्यालं उचलून खायची. पोटाला एक पोर, काळं, नुसतं डोळंच डोळं.

तर ह्या टोळीचा म्हातारा हुप्प्या आप्पासाहेबांच्या बागेत शिरला. माझ्या बागेत वर्सानुवर्सं शिरत व्हता, तवा कुनाला काय न्हाय! आप्पासाहेब म्हंजी आमच्यातलं बडं बागाईतदार, शब्द खाली पडायचा न्हाय. पारावर समद्यांना बलावलं. "म्होरक्या उचलला की टोळी पांगती," म्हनले. समद्यांनी माना हालवल्या. मी मागं पेंगत व्हतो, मला जाग आली तवा ठरून बी गेलं व्हतं! मग मारुतीपुढं नारळ फोडला, देवा, राग धरू नगंस म्हनले, आन् देवाच्याच मानसाला गूळ-दाने दावून पिंजऱ्यात घेतला, ट्रकात घातला, पार भोराकडच्या डोंगरात सोडून आले. पेढं बी वाटलं गावात.

पांगली का टोळी? पांगती कशाला! घरधनी गेला म्हंजी घर मोडतं व्हय? त्या घरावर डोळा ठिवून बसल्याले माळावरचे समदे तरने... आले की! आन् आले कुठं? माझ्या बागेत! कारन आप्पासाहेबांच्या बागेला राखनदार आन् कुत्री, आन् माझ्या बागेला मी! काय त्यो कालवा! हूऽप, हूऽप, हूऽप! फांद्या मोडत्यात, पेरू गारावानी पडत्यात, वानरं एकमेकाला फाडत्यात, आन् मी डोक्यावर पाटी घेऊन मधी हुबा! शेवटाला एक दांडगा, कान फाटल्याला, त्यानं बाकीच्यांना पिटाळलं आन् शेंड्यावर बसला दात करकरा खात. नवा हुप्प्या. झालं, म्हनलं, राज्य बदललं, आपुन आपला पाला गोळा करावा... आपला ह्यात काय संबंध? तुमीच सांगा!

पन हितनं पुढं हसू नगा. नवा हुप्प्या आल्या आल्या काय करतो, म्हाईत हाय? पैल्याची अंगावरची पोरं जित्ती ठिवत न्हाय. पोर गेलं की आई लौकर माजावर येती, मग त्याची सोताची पोरं व्हत्यात, असला हिशोब त्याचा! माझ्या डोळ्यांम्होरं पोरं गेली. आया ती तसलीच पोरं छातीशी धरून हिंडत व्हत्या, चाटत व्हत्या, हालवून बघत व्हत्या... मला तिकडं पाय टाकवंना.

आन् एक दिस दुपारचा भाकरीला बसलोय, तर कौलं धाडधाड वाजली, आन् बांडी गोठ्यात! पोर पोटाला, वैरनीच्या मागं जाऊन दडली. मागोमाग त्यो दांडगा दारात. आमची मंडळी, ठमाबाई, चुलीम्होरनं उठली, हातात फुकनी, आन् गेली की नीट त्याच्या तोंडाम्होरं! "मुडद्या, टाक पाऊल! टाकून दाव!" त्यानं हिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं... माझ्या हातात भाकरीचा तुकडा... आन् गेला. भिऊन न्हाय बरं का. 'बघून घेतो' अशा चालीनं गेला.

मी म्हनलं, "अगं, वानरं ती. देवाची करनी. आपुन मधी पडू न्हाय."

"पिंजरा देवानं लावला व्हता?"

मी भाकरीचा तुकडा खाली ठिवला.

मग वैरनीकडं बघत हळूच म्हनली, "तापाम्होरं फुकनी चालली न्हाय. ह्याच्याम्होरं चालती."

आमची एक लेक व्हती. पाळन्यातच तापानं गेली. घरात त्यो इषय कुनी काढत न्हाय. हिनं तवा बी नाव घेतलं न्हाय. मी उठलो. हात धुतला आन् काठी घेतली.

झालं! गाय आंगनात, वानरी गोठ्यात. गाय रुसली, दूध चोरायला लागली. समोरच्या लिंबावर त्यो दात खात बसल्याला, लिंबाखाली मी काठी घेऊन बसल्याला. त्यो कट्टाळत न्हाय आन् मी पैल्याच दिशी कट्टाळल्याला! बाग वाऱ्यावर. गावात बोभाटा. शेजारची कुशाबाई तर वाटीभर खोबरं घेऊन आली, "मानसिंगाच्यात बाळंतीन आलीया म्हनं!" आप्पासाहेब आले. "पोर नर हाय का मादी? मादी असंल तर त्यो हात लावत न्हाय, उगं कशाला राखताय?" मी म्हनलं, "बघा की, तुमीच बघा." ते वाकले. बांडीनं असली एक थोबाडीत हानली की फेटा गव्हानीत! आप्पासाहेबांच्या थोबाडीत! गावात आजवर कुनाची छाती झाली न्हवती! फेटा झटकत म्हनले, "नर असावा."

आता ऐका. असंच एक दिस टळटळीत ऊन, माझा डोळा लागला. उघडतो तर गोठा रिकामा! बघतो तर बांडी पोर पोटाला घेऊन लिंबाकडं निघालीया! आपल्या पायानं! त्याच्याकडं! "अगं ए बये, माघारी फीर!" म्हनून उठलो, धोतराचा सोगा खुंट्यात अडकला, पडलो तोंडावर, ठमाबाई भाईर आली, तोंडावर पदर... "गेलं! पोर गेलं!"

त्यो खाली उतरला. अंगावरचा केस न् केस हुबा. आन् बांडीनं काय करावं? त्याच्याम्होरं गेली, पाठ फिरिवली आन् मुंडी अशी... अशी थरथरा हालवली, 'या की' म्हनावं तशी! पुढचं सांगत न्हाय, हितं बायामानसं हायेत. पन मी मातीत पालथा, आन् माझ्या नाकाम्होरं सोयरीक जुळली! मग बसली निवांत त्याच्या उवा बघत. पोर मधी. त्यानं एकडाव पोराकडं बघितलं... आन् तोंड फिरवून पाठ खाजवायला दिली!

त्या दिसापासनं त्यानं पोराला बोट लावलं न्हाय. त्याला आपलंच वाटलं, का हिशोबात घोटाळा झाला, त्याचं त्याला ठावं. ठमाबाई हासली. हासता हासता डोळं पुसलं, आन् म्हनली, "तिला कळलं, कसं राखायचं. आपुन आपल्या काठ्या घेऊन बसलो." आन् आता बांडी कुठं बसती ठावं हाय? शेंड्यावर, त्याच्या शेजारी! मोठी बाई सरकून जागा देती! मी म्हनलं, देवा, सुटलो.

कशाचा सुटतोय! रोज दुपारी आख्खी टोळी माझ्या कौलावर! म्होरं बांडी, मागं सासरचं समदं मानूस! कौलं फुटली, वाळवन गेलं. मी काठी उचलली तर ठमाबाई म्हनती, "लेक म्हायेरी आल्यावर काठी दावत्यात व्हय?" लेक! बरं, लेक तर लेक. हिच्या तोंडात त्यो शब्द आला, मग मी काठी खाली ठिवली. मी म्हनलं, "आन् त्यो फाटक्या कानाचा?" तर म्हनती, "त्यो आपला कोन लागतो, ते तुमीच बघा की." आन् त्यो आढ्यावर बसल्याला, पाय पसरून, दात खात, काय दिलं तरी तोंड वाकडंच! शेंगा पैल्या त्याच्याम्होरं ठिवायच्या, मग बाकीच्यांना! माझा ह्यात काय संबंध, म्हनायची बी आता सोय ऱ्हायली न्हाय...

आन् औंदा धोंड्याचा महिना हाय. ठमाबाईनं अनारशाला तांदूळ भिजत घातल्यात.