जवळचा दवाखाना

धुळ्याला गुडघा दाखवायला गेलो होतो. शेजारच्या बाकावर एक म्हातारी रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरवर तापली होती.

"जब्बार, पोरगा ट्रॅक्टरखाली सापडला, अन् तू जवळचा दवाखाना सोडून इतक्या लांब पळवलं?"

"अक्का, तिथे असं ऑपरेशन होत नाही. थेट इथेच आणायचं."

"हाऊ कोना नियम शे?"

"इथल्या सर्जनसाहेबांचा. वीस वर्षं सरकारकडे खेटे घालून बसवला. मी वाटेतून फोन केला, तेव्हाच ते तयारीला लागले."

नर्स बाहेर आली. "आधारची आई? रक्त थांबलंय. वेळेत आणलंत."

"आता का रडता, अक्का?"

"तू गप बैस."

"भाऊ, हा नियम कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली, आबा. का?"

"आमची ही तीन वर्षांपूर्वी गेली. मी जवळचाच दवाखाना गाठला होता."