राजाची तारीख

डब्याचं झाकण टणकन खाली पडलं आणि दुर्गहून निघालेल्या बसमधली पेंग मोडली. नूतननं आपल्या लेकीला, टीनाला, मांडीवर सावरलं. पुढच्या सीटवर कोर्टातून परतणाऱ्या दोन बाया बोलत होत्या.

"जजसाहेब आजही रजेवर. क्रेनखाली माहा माणूस गेला, अन् ठेकेदार मोकळाच फिरून राहिला. मी आता येत नाही, मार्थाबाई."

"असं नका म्हनू, गयाबाई. गरिबाचा न्याय करणारा राजा येईल. तोंड पाहून निवाडा नाही करणार तो. जुन्या यहुदी संदेष्ट्यानं सांगून ठेवलं हाय."

"कवा सांगतलं?"

"झाले असतील अडीच हजार वर्षं."

"अगं माय! म्हंजे तवापासून तारीखच पडून राहिली म्हना!"

दोघीही हसल्या.

"अन् तुमी अजून वाट पाहून राहिल्या?"

"पाहतो ना."

"मंग पुढच्या तारखेलेही याल माह्यासंगं?"

"येईन. डबाबी मीच आणीन. तुमी फक्त नाव पुकारल्यावर 'हजर' म्हना."

गयाबाईंनी मार्थाबाईंच्या खांद्यावर मान टाकली. हुडकोचा थांबा येईतोवर त्यांना गाढ झोप लागली होती.

टीनानं नूतनची ओढणी ओढली.

"मम्मी, राजानं येऊन नाव पुकारलं, अन् ही आजी झोपूनच राहिली तर?"