वर आलेले मासे

(खालापूरजवळचा एक तलाव. सकाळचे सहा, आभाळ गच्च. होडीत निवृत्त शिक्षक मधू सर आणि त्यांचा जुना विद्यार्थी मकसूद. तो इथे मासे पाळतो आणि हौशी लोकांना गळ टाकायला होडीतून नेतो. काठावर पंपापाशी त्याची बायको सफुरा.)

मधू सर : अरे, होडी फिरवतोस कशाला? मासे इथे आहेत! हे बघ, अख्खं पाणी तोंडांनी भरलंय.

मकसूद : पाऊस येईल, सर. चला परत.

मधू सर : येऊ दे. अकरा वर्षं दर रविवारी येतोय तुझ्याकडे, तळहाताएवढ्याच्या वर काही लागलं नाही. आज सगळे आपणहून वर आलेत, तर म्हणे परत चला!

मकसूद : पुढच्या रविवारी येऊ ना.

मधू सर : कुठला पुढचा रविवार? गुरुवारी माझी लेक सानवी मला कायमचं न्यायला येतेय. बंगलोरला तिच्या चौदाव्या मजल्यावरून गळ कुठे टाकू? थांब... मकसूद! तो बघ. फाटक्या शेपटीचा कटला! होडीला घासून गेला रे. कणकेचा गोळा दे, लवकर.

मकसूद : नाय.

मधू सर : दे म्हणतो ना.

मकसूद : सर, गळ टाकू नका! ठेवा तो रॉड खाली!

मधू सर : ...माझ्यावर ओरडलास?

मकसूद : चुकलं, सर. पण ते खायला नाय आलेत वर. श्वास घ्यायला आलेत. पाण्यात हवाच नाय राहिली.

मधू सर : म्हणजे?

मकसूद : म्हंजे आता काय केलं नाय, तर नऊपर्यंत सगळे उलटे होतील. सगळेच्या सगळे. मला लय भीती वाटतेय, सर. तुमाला सांगणार नव्हतो. गुपचूप काठावर सोडून पंपाला लागणार होतो.

मधू सर : लाईट नाही का?

मकसूद : रात्रीपासनं नाय. डिझेलचा पंप हाय. ती बघा, सफुरा हँडल मारतेय.

मधू सर : तीन दिवस ऊन नाही. वारासुद्धा पडलाय. शेवाळ तरी हवा कुठून तयार करणार? पण मकसूद, असे ढग दर श्रावणात असतात. तेव्हा कधी असं झालं नाही. पाण्यात काय पडलंय?

मकसूद : काय नाय.

मधू सर : माझ्याकडे बघून बोल. पाण्याला आंबूस वास येतोय.

सफुरा : अवो! हात भरून आले, पेटतच नाय हा! बुधवारपासनं सांगत होते, चार पोती पेंड टाकू नका, कुजंल! ऐकलं माझं?

मधू सर : चार पोती?

मकसूद : मासा जाग्यावर यावा म्हणून टाकतातच, सर.

मधू सर : मूठभर टाकतात. चार पोती कुजली की पाण्यातली हवा तीच खाते.

सफुरा : तुमच्यासाठी टाकली, सर! सर चाल्ले, सरांच्या गळाला एकदा तरी मोठा लागू दे. चार दिस घरात दुसरं बोलणं नाय!

मधू सर : गाढवा.

मकसूद : हो, सर.

मधू सर : सातवीत प्रकाशसंश्लेषण शिकवत होतो तेव्हा कुठे होतास?

मकसूद : वर्गातच होतो. खिडकीतनं तळ्याकडं बघत.

मधू सर : ते वल्हं दे इकडे.

मकसूद : तुमचा खांदा दुखतो ना...

मधू सर : दुखू दे. पाणी जितकं उडेल तितकी हवा मिसळेल. तू बादली घे, उंचावरून ओत. माझ्या तोंडाकडे काय बघतोस? हाण!

मकसूद : सफुरा! मिस्त्रीला फोन लागला?

सफुरा : शिळफाट्याचा मिस्त्री आठच्या आधी फोन उचलतो का कधी? अवो, इकडं रोहू उलटे झाले. दोन. नाय... पाच.

मकसूद : बघू नको तिकडं!

सफुरा : कसं बघू नको? बोटाएवढी होती तेव्हा पिशव्या मांडीवर घेऊन रिक्षातनं आणलीत मी. पळसदरीपासनं हलले नाय जागची, पिशवीला धक्का लागंल म्हणून. तीन वर्षं झाली त्याला!

मधू सर : सफुरा, रडू नकोस बाळा. ऐक. पंपातलं डिझेल संपलं होतं का?

सफुरा : काल संपलं. आता भरलं ना मी.

मधू सर : मग नळीत हवा धरली असेल. हो ना रे?

मकसूद : हा, हा! माझ्या डोस्क्यातच नाय आलं. सफुरा, इंजिनाजवळचा नट ढिला कर. डिझेल बुडबुडे काढत येईल. बुडबुडे थांबले की आवळ.

सफुरा : पाण्यात हवा नाय आणि ही मेली नळीत येऊन बसलीय!

मधू सर : हळूच. घाई करू नकोस.

सफुरा : आवळला. मारते हँडल... या अल्ला... पेटला! सर, पेटला!

मकसूद : पायपाचं तोंड वर धर! उंच! पाणी फवारून पडू दे!

मधू सर : मकसूद, तो कटला आडवा झाला.

मकसूद : कुठं?

मधू सर : इथे, माझ्या हाताशी. कल्ले हलतायत अजून. धरू का?

मकसूद : धरा. पोटाखाली हात घाला, दाबू नका. मी वल्हं घेतो, होडी धारेखाली नेतो. त्याचं तोंड धारेकडं राहू दे.

मधू सर : केवढा जड आहे रे. बारा किलो तरी असेल.

मकसूद : पाण्याबाहेर काढू नका.

मधू सर : नाही काढत. पण हा हलत नाही. मकसूद, हलत नाही हा.

मकसूद : सोडू नका. सावकाश पुढं न्या. पाणी तोंडातनं जाऊ द्या.

मधू सर : माझ्या हौसेपायी मेला तर काय तोंड घेऊन जाऊ मी इथून? चल रे बाबा. श्वास घे. घे ना.

मकसूद : सर, शेपटी बघा.

मधू सर : हलली का? हलली! अरे, ओढतोय मला!

मकसूद : आता सोडा.

मधू सर : ...गेला. खाली गेला.

मकसूद : वल्हं माझ्याकडंच राहू द्या. तुमी जरा टेका.

मधू सर : टेकायला काय झालं? तू बादली चालू ठेव.

मकसूद : (बऱ्याच वेळाने) सर, पुरे आता. साडेआठ झाले. ऊन आलं बघा, वाराबी सुटला. दोन तास थांबला नायत तुमी. सदरा तरी पिळा.

मधू सर : वाळेल.

मकसूद : तुमचा गळ मात्र कोरडाच राहिला. माझ्यामुळं.

मधू सर : कटला दोन्ही हातांत होता रे माझ्या.

सफुरा : सर! चौदा मेले, ते मी काढले बाहेर. बाकीचे वर दिसतायत का अजून?

मधू सर : नाही गं. एकही दिसत नाही.

सफुरा : नीट बघितलंत?

मधू सर : बघतोय. अजून थोडा वेळ बघत बसतो.